पडद्यावर उगवलेली सरकी

चाचांच्या स्टुडिओत मी आधी हातानं अक्षरं लिहायचे. काळ्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या पोस्टर कलरनं 'शुभविवाह' लिहायचं, खाली नवरानवरीची नावं. चाचा तो पुठ्ठा भिंतीला टेकवून त्याच्यासमोर व्हिडिओ कॅमेरा लावायचे, की झालं कॅसेटचं टायटल. चित्रकलेचा डिप्लोमा करून मला शाळेत नोकरी लागली नव्हती. जालन्यात बाईमाणसानं अक्षरं लिहून पोट भरायची दुसरी जागा मला तरी माहीत नव्हती. चाचा पन्नाशीचे, जुने फोटोग्राफर. घरात उर्दू, आमच्याशी मराठी. गावात त्यांना सगळेच चाचा म्हणायचे, त्यांच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा.

नव्वदीच्या दशकात, लग्नसराई संपल्यावर, चाचांनी कॉम्प्युटर आणला. सोबत अक्षरं आणि चित्रं हलवायचा एक प्रोग्राम होता. त्या प्रोग्रामला कुलूप होतं. म्हणजे काडेपेटीएवढी एक डबी, ती कॉम्प्युटरच्या पाठीमागं खोचायची. ती नसली की प्रोग्राम उघडायचाच नाही. शिकवायला कोणी नव्हतं. जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं आणि माझ्याकडं शब्दकोश. चाचा म्हणाले, "ताई, तुम्ही वाचा. मला तर बटनंबी दिसून न्हाई राह्यली चष्म्यातून."

पुस्तकाच्या दुसऱ्या धड्यात लिहिलं होतं, एक अक्षर पडद्याच्या डावीकडं ठेवा, तिथं खूण करा. मग काळ दोन सेकंद पुढं न्या, अक्षर उजवीकडं ठेवा, पुन्हा खूण करा. मी 'अ' घेतला. दोन खुणा केल्या आणि चालू केलं. 'अ' डावीकडून निघाला आणि उजवीकडं चालत गेला.

मी तो पुन्हा डावीकडं आणला. पुन्हा चालवला. माझं सगळं आयुष्य अक्षरं एका जागी बसवण्यात गेलेलं. एकदा रंग वाळला की अक्षर जागचं हलत नसतं. आणि हे अक्षर मी दोनदाच ठेवलं होतं, पण मधल्या प्रत्येक जागेवर ते आपसूक होतं. चाचांना हाक मारली. ते आले, 'अ' जाताना बघितला, पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाले, "बिलकुल चालतंय की हो."

पण ते चालणं मला खटकायला लागलं. 'अ' एकाच वेगानं यायचा आणि भिंतीवर आपटल्यासारखा थांबायचा. खरी वस्तू अशी थांबत नाही. अंबडची एसटी स्टँडवर येते तेव्हा आधी वेग सोडते, मग सरकते, मग पुढं झुकून थोडी मागं येते. पुस्तकात शोधत शोधत मला ती जागा सापडली. प्रत्येक खुणेला एक वक्र रेषा होती, आणि त्या रेषेला दोन दांडे. दांडा ओढला की वेग मऊ व्हायचा. मी दांडे ओढत बसले आणि एका दुपारी 'अ' एसटीसारखा थांबला. पुढं झुकला, मागं आला, उभा राहिला.

मराठीची एक अडचण होती. प्रोग्राम इंग्रजीचा, त्याला अक्षर म्हणजे काय ते आपल्यासारखं कळायचं नाही. 'विवाह' लिहून एकेक अक्षर आत यायला सांगितलं तर आधी वेलांटी एकटीच उडत यायची, मागून 'व' यायचा. जोडाक्षर तर मधोमध तुटायचं. मग मी पुन्हा ब्रश धरला. प्रत्येक अक्षर वेलांटी-उकारासकट कागदावर काढायचं, स्कॅन करायचं आणि चित्र म्हणून आत घ्यायचं. त्यामुळं माझी अक्षरं माझ्याच हाताची राहिली. लोक म्हणायचे, चाचांच्या कॅसेटवरची अक्षरं वेगळी असतात. ती वेगळी का असतात ते कोणाला सांगायचा प्रश्न आला नाही.

याच अक्षरांमुळं बियाण्याचं काम आलं. एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीच्या मॅनेजरांनी आपल्या भाच्याच्या लग्नाची कॅसेट बघितली होती. त्यांना गावोगाव दाखवायला पाच मिनिटांची फिल्म हवी होती. ते म्हणाले, "शेतकरी सरकी फार खोल टाकतात. मग ती वर येतच नाही आणि नाव बियाण्याचं खराब. जमिनीच्या आत काय होतं ते आम्हाला दाखवायचंय. कॅमेरा तिथं जात नाही. तुम्हाला काढता येईल?"

चाचांनी माझ्याकडं बघितलं. मी हो म्हणाले. कपाशीच्या शेतात माझं बालपण गेलेलं. सरकी कशी उगवते हे काय विचारायचं?

आठ दिवसांत मी चित्र केलं. काळी माती, त्यात काळी सरकी. ती मधोमध उकलायची, वरच्या बाजूनं हिरवा कोंब निघायचा, दोन पानं उघडायची, आणि शेवटी खालून मुळं फुटायची. दांडे ओढून ओढून मी ते मऊ केलं होतं. मॅनेजर खूश झाले. पण म्हणाले, "आमच्या उगवण तपासणीच्या बाईंना एकदा दाखवू. त्या रोज तेच बघतात."

दुसऱ्या दिवशी त्या बाई आल्या. चाळिशी ओलांडलेल्या, नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, हाताला ओल्या कागदाचा वास. कंपनीत सगळे त्यांना मावशी म्हणायचे. बियाणं विकायला काढायच्या आधी त्यातलं थोडं ओल्या कागदात गुंडाळून उबदार खोलीत ठेवायचं आणि किती उगवलं ते मोजायचं, हे त्यांचं काम. त्यांनी माझं चित्र शेवटपर्यंत नीट बघितलं. मग पदर तोंडावर धरून हसल्या.

"ताई, चित्र ग्वाड हाय. पण सरकी उलटी उगवून राह्यली."

"उलटी कशी?"

"आधी मूळ. टोकाकडून. पानाचा नंबर लई मागून. अन् कोंब असा ताठ न्हाई येत." त्या थांबल्या. "तुम्ही या उद्या. सांगून न्हाई कळायचं."

मला राग आला होता, हे कबूल करते. चाचा म्हणाले, "जाऊन या. बघायला काय जातंय?"

ती खोली छोटी होती, दार बंद, आत श्रावणातल्यासारखी दमट ऊब. भिंतीला फळ्या आणि फळ्यांवर कागदाच्या गुंडाळ्या उभ्या. मावशींनी एक गुंडाळी टेबलावर हळूच उलगडली. आत ओळीनं सरक्या होत्या, दोन दिवसांच्या. प्रत्येकीच्या टोकातून पांढरं मूळ निघालेलं. कोंब कुठंच नव्हता. पान तर नव्हतंच.

"आधी पाय रोवती," मावशी म्हणाल्या. "मंग उठती."

माझ्यासाठी त्यांनी वेगळी सोय केली. एका मोठ्या काचेच्या बरणीत ओली वाळू भरली आणि चार सरक्या काचेला लावून वाळूत दाबल्या. काचेभोवती काळा कागद गुंडाळला. तो काढला की आतलं दिसायचं, पुन्हा लावला की अंधार. स्टूल दिलं. मी रोज सकाळी जाऊन बसायचे आणि तासातासाला कागद काढून चित्र काढायचे.

चौथ्या दिवशी मला सरकीची मान दिसली. मूळ खाली गेलं होतं, आणि सरकीच्या जवळचा पांढरा देठ फुगून वर उठत होता, पण ताठ नाही. छत्रीच्या मुठीसारखा वाकलेला. पानं अजून सरकीच्या टरफलात, खाली तोंड करून. तो वाकलेला देठ आधी वाळूला टेकला, तिला ढकलत वर गेला, आणि पानांना मागून ओढत नेऊ लागला. दुपारपर्यंत वाळूला भेग पडली. भेगेत आधी मानेचा वाकडा भाग दिसला.

"डोकं पुढं घालून आली तर पानं फाटतील," मावशी माझ्या खांद्यावरून म्हणाल्या. "म्हणून मान वाकवती. गर्दीतून लेकरू काढताना आपण कसं पाठ पुढं करतो, लेकराला मागं धरून. तसं."

मी शेतात वाढले होते. 'कपाशी दोन पानांवर आली' असं घरात बोललं जायचं, बोलण्यातला रोजचा शब्द तो. त्या दोन पानांच्या आधी जमिनीखाली इतकं सगळं घडून जातं हे मला ठाऊकच नव्हतं. पेन्सिल हातात तशीच राहिली. त्या तासाचं चित्र माझं राहूनच गेलं.

स्टुडिओत येऊन मी जुनं सगळं पुसलं. सरकी, टरफल, मूळ, मान, दोन पानं, माती, भेग, प्रत्येकाचा वेगळा थर केला. मूळ चटकन निघायचं आणि मग सावकाश व्हायचं. मान बराच वेळ काहीच करायची नाही, मग जोर लावायची. हे सगळं त्या दांड्यांमध्ये होतं. मी अंदाजानं ओढायचे, बघायचे, पुन्हा ओढायचे. हाताला पाठ झालं होतं कुठलं बटन कुठं आहे, मी बघतसुद्धा नसायचे. दहा सेकंदांची हालचाल तयार व्हायला मशीनला अख्खी दुपार लागायची. मावशींनी ती फिल्म बघितली आणि एवढंच म्हणाल्या, "आता बराबर." त्या वर्षी ती फिल्म कंपनीच्या जीपमधून गावोगाव फिरली. मला मात्र ती कुठल्याच गावात बघायला मिळाली नाही.

दोन वर्षांनी मॅनेजर पुन्हा आले. तीच फिल्म हवी, पण लांब, आणि खोल टाकलेली सरकी शेजारी दाखवायची, जी वर येता येता दमून जाते. मी म्हटलं, होईल, जुनी फाईल आहेच.

त्याच आठवड्यात विजेचा दाब अचानक वाढला. गल्लीतले बल्ब गेले, आणि आमच्या कॉम्प्युटरच्या पाठीमागची ती कुलपाची डबी जळाली. बाकी कॉम्प्युटर चालू, प्रोग्राम आत आहे, फाईल आत आहे, पण उघडत काही नाही. चाचांनी औरंगाबादच्या विक्रेत्याला फोन लावला.

"साहेब, प्रोग्राम आमच्याकडं हाय, कागद हायेत. फक्त कुलूप जळालं. कुलूप द्या."

पलीकडचं मलाही ऐकू येत होतं. "चाचा, ते कुलूप आता कंपनी बनवत नाही. जुनं व्हर्जन बंद झालं. नवीन घ्यावं लागेल. आणि ते तुमच्या कॉम्प्युटरवर चालणार नाही, तोही बदलावा लागेल."

"जुनं चांगलं चालून राह्यलं होतं. मंग बंद कशाला केलं?"

"साऱ्या जगात बंद केलंय चाचा. तुमचं एकट्याचं नाही."

चाचांनी फोन ठेवला. "साऱ्या जगात केलं म्हणे," ते म्हणाले. "साऱ्या जगानं सांगितलं होतं का त्याला?"

महिन्याभरात नवा कॉम्प्युटर आणि नवं व्हर्जन आलं. मी जुनी फाईल त्यात उघडली. इंग्रजीत एक पाटी आली. शब्दकोश लागला नाही, एवढं इंग्रजी आता येत होतं. या फाईलमधल्या काही गोष्टी समजल्या नाहीत, त्या वगळल्या आहेत, असं लिहिलं होतं. मी चालू केलं. थर होते. खुणा होत्या. पण सगळे वक्र गेले होते. रोलिंग मिलमधली क्रेन सळ्यांची मोळी उचलते तशी सरकीची मान एकाच वेगानं वर आली, खट्‌कन थांबली आणि पानं दारासारखी उघडली.

मी पुन्हा पुन्हा चालवलं, जणू एखाद्या वेळी ते आठवेल त्याला. दांडे शोधायला गेले तर त्या जागी ते नव्हते. बटनांची नावं बदललेली, जागा बदललेल्या. माझा हात सवयीनं जिथं जायचा तिथं आता भलतंच काही होतं, आणि दर वेळी काहीतरी पुसलं जायचं. स्वतःच्या स्वयंपाकघरात कोणी रात्रीतून डबे हलवून ठेवावेत तसं झालं. पण त्याहून वाईट हे, की मी आकडे कुठंच लिहून ठेवले नव्हते. मानेनं किती वेळ थांबायचं आणि कधी उचल घ्यायची, हे सगळं त्या फाईलमध्येच होतं. मला वाटायचं, एकदा मशीनमध्ये ठेवलं की राहतं.

चार दिवस मी झगडले. पाचव्या दिवशी चाचांना म्हटलं, "मी मावशींकडं जाऊन येते."

मावशींना मी सगळं सांगितलं. त्यांना कुलूप, व्हर्जन काही कळलं नसावं, पण गेलं म्हणजे काय ते कळलं. "मंग पुन्हा बघा की," त्या म्हणाल्या. "सरकी तर तीच हाय." आणि बरणी भरायला घेतली. ती उगवायला चार दिवस लागणार होते, म्हणून मी विचारलं, तोवर तुम्हीच सांगता का, कसं होतं ते, किती सावकाश, किती जल्दी?

मावशींनी विचार केला. मग पदर खोचला, टेबलावर कोपर टेकवलं, मनगट वाकवून मूठ खाली केली. आणि त्यांचा हात उगवू लागला. मी घड्याळ काढलं. हात आधी नुसता ताठरला. मग थोडा उठला. थांबला. मला वाटलं त्या विसरल्या. पण त्यांची नजर हातावरून हलली नव्हती. पुन्हा उठला, आणि उठता उठता मनगट हळूच बाजूला गेलं, गोल फिरून परत आलं.

"हे काय केलं?" मी विचारलं.

"काय?"

"हात फिरवला तुम्ही."

"मंग? ती फिरतीच ना." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुम्हाला दिसलं न्हाई कधी?"

मला दिसलं नव्हतं. इतकी चित्रं काढून दिसलं नव्हतं. या वेळी मी बरणीच्या तोंडावर पारदर्शक कागद चिकटवला आणि वरून बघून, मान बाहेर पडल्यापासून तिचा माथा कुठं आहे त्याची खूण दर अर्ध्या तासाला करत गेले. खुणा एका जागी आल्या नाहीत. माथा डावीकडं गेला, पुढं आला, उजवीकडं गेला. सरकी वर येताना वाट चाचपडत, स्वतःभोवती वळत येत होती. मावशींनी वीस वर्षं घड्याळ न लावता ते बघितलं होतं आणि ते त्यांच्या मनगटात जाऊन बसलं होतं.

या वेळी मी वही केली. प्रत्येक थराची प्रत्येक खूण, किती सेकंदांवर, वक्र किती, सगळं बॉलपेननं लिहिलं. आणि नव्या व्हर्जनवर मनात कितीही राग असला तरी एक सांगितलं पाहिजे. त्यात वाट काढून तिच्यावरून वस्तू न्यायची सोय होती, जी जुन्यात नव्हती. मी मानेच्या माथ्याला ती वळणारी वाट दिली. जुन्या व्हर्जनमध्ये हे मला जमलं नसतं. त्यानंतरच्या वर्षांत आणखी तीनदा व्हर्जन बदललं, तीनदा मला बटनं पुन्हा शोधावी लागली, आणि तीनदा मी त्या वहीवरून सरकी पुन्हा उगववली. आज त्यातली एकही फाईल कुठल्याच मशीनवर उघडत नाही.

नवी फिल्म पहिल्यांदा अंबडच्या बाजूच्या एका गावात लावली, तेव्हा मी गेले. प्रश्न आले तर उत्तरं द्यायला मॅनेजरांनी मावशींनाही जीपमध्ये घेतलं होतं. ग्रामपंचायतीसमोर दिवेलागणीला टीव्ही मांडला. माणसं उकिडवी बसली, बाया ओट्यावर. सुरुवातीला कुजबुज होती. पडद्यावर मूळ निघालं तेव्हा ती कमी झाली. मान वाकून वळत वळत वर यायला लागली तेव्हा मागची माणसं पुढं सरकली. शेजारची खोल टाकलेली सरकी अर्ध्या वाटेत थबकली तशी एक बाई "अगं माय" म्हणाली, जणू कोणाचं लेकरू पडलं.

पुढं बसलेले एक म्हातारे आबा म्हणाले, "फिरून लावा." आम्ही लावली. "अजून एकदा," ते म्हणाले. तिसऱ्यांदा बघून झाल्यावर त्यांनी मावशींना विचारलं, "बाई, मी पन्नास वर्षं सरकी टाकून राह्यलो. टाकताना कोण बघतं टोक खाली हाय का वर? कशीबी पडती. मंग अंधारात तिला कसं कळतं, खाली कुठं ते?"

मावशी म्हणाल्या, "ते मला न्हाई माहीत, आबा. पण कळतं."

परत येताना जीपमध्ये मावशी जालना जवळ आल्यावर म्हणाल्या, "उद्या लावून बघू."

त्यांनी बरणीत चार सरक्या लावल्या. एक टोक खाली, एक टोक वर, दोन आडव्या. तिसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला तेव्हा चाचाही माझ्यासोबत निघाले. इतक्या वर्षांत त्यांनी ती खोली बघितली नव्हती. मावशींनी काळा कागद काढला. टोक वर असलेल्या सरकीचं मूळ थोडं वर निघालं होतं, मग वळलं होतं, आणि आपल्याच सरकीच्या अंगावरून खाली उतरलं होतं. आडव्यांचीही मुळं खालीच वळलेली. मग मावशींनी बरणीचं तोंड बांधून ती आडवी केली आणि म्हणाल्या, "परवा या."

परवा आम्ही गेलो. चारही मुळं काटकोनात वळली होती, नव्या खालच्या दिशेकडं.

चाचा दारातच उभे होते. "सुभानल्ला," ते हळू म्हणाले. मी वही उघडून पहिल्या मुळाचा वाक काढायला घेतला होता.

"दार लावा चाचा," मावशी म्हणाल्या, "खोली गार होऊन राह्यली."

चाचांनी आत येऊन दार लावलं, आणि चष्मा पुसून बरणीसमोर वाकले.